खैतानच्या एका स्वयंपाकघरात वेगळा विदर्भ

कुवेतला जायचं ठरलं ते फोनवर, तेही मी पोळ्या लाटत असताना. माझा धाकटा भाऊ सुधाकर तिकडे शुऐबाला कारखान्यात फिटर आहे. म्हणाला, "ताई, मंदाले आठवा लागला. आई असती तर आईलेच बोलावलं असतं. तू येतं का?"

"विचारून काय रायला? तिकीट काढ," म्हटलं.

अमरावतीला माझी कॉलेजच्या पोरांची मेस आहे. ती जावेच्या हाती दिली आणि डिंकाचे लाडू वळायला बसले. जाणाऱ्यांनी हे नीट वाचा: खसखस नेऊ नका. चिमूटभरही नाही, लाडवातही नाही, मसाल्यातही नाही. तिकडे ती अफूत धरतात, चालत नाही आणि विमानतळावर पिशवी उलटी करतात. मी घरचा काळा मसालासुद्धा खसखस न घालता नवा कुटला. दोन किलो.

बडनेऱ्याहून गाडीनं मुंबई, तिथून विमान. चार तासांत खाली सगळं पिवळं दिसायला लागलं, ना झाड, ना नदी. उतरल्यावर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा. एप्रिल संपत होता, तरी. उन्हाळ्यात जाऊ नका. हिवाळ्यात जा, तेव्हा शाल लागते म्हणतात.

सुधाकर राहतो खैतानला. आपल्या देशाची इतकी माणसं की गल्लीत हिंदी बोललं तरी भागतं. घर चौथ्या मजल्यावर, आणि एका घरात दोन संसार. एका खोलीत सुधाकर आणि त्याची बायको मंदा. दुसरीत कोल्हापूरकडचे विलास, त्यांची बायको शोभा आणि आठ वर्षांची पोरगी पिंकी. विलास कुवेत सिटीत एका ऑफिसात कारकून, शोभा सरकारी दवाखान्यात नर्स. स्वयंपाकघर एकच. तिकडे भाडं परवडत नाही म्हणून असं पुष्कळजण राहतात. ही मंडळी सहा वर्षं एकत्र राहत होती.

शोभानं दारातच माझी बॅग घेतली. "या आक्का. दमला असाल. च्या टाकू का आधी अंघूळ करतासा?"

चांगली वाटली बाई. पण जेवायला बसले आणि वरण तोंडात घालून थांबले. मीठच नाही. भाजी अळणी, भातही अळणी. मंदा खाली मान घालून जेवत होती. गालफडं बसलेली, पोट तेवढं पुढे.

रात्रभर मला तेच टोचत राहिलं. सकाळी शोभा ड्यूटीला गेल्याबरोबर मी पदर खोचला. तिथल्या डब्यांत कुठला मसाला कुणाचा काही कळत नव्हतं. मी दोन फळ्या केल्या. वरची आमची, खालची त्यांची. कागदाचे तुकडे कापून डब्यांवर चिकटवले: अमरावती, कोल्हापूर. आणि मंदाला ठेचा, पाटोडी, वर तेलाची धार सोडलेलं झणझणीत वरण केलं. तिनं दोनदा मागून घेतलं. सुधाकरला म्हटलं, "त्या बाईच्या हातचं अळणी खाऊन वाळली पोरगी. मिठाचा डबा आपला, हात दुसऱ्याचा. असं कुठं संसार असते?"

शोभा संध्याकाळी आली, फळ्या पाहिल्या, डब्यांवरचं वाचलं. रोजच्यासारखी हातात एक छोटी पिशवी घेऊन मंदाच्या खोलीत गेली आणि दार लावलं. मला वाटलं, माझी चुगली चालली असेल.

पुढचे दिवस फिरण्यात गेले. मुबारकियाचा जुना बाजार बघाच. खजुराचे ढीग, केशर, अत्तर. भाव करा, ते ऐकतात. समुद्राच्या काठी ते निळे गोळेवाले मनोरे लांबून बघितले तरी पुरे, वर जायला तिकीट आहे. खुबूस म्हणजे तिकडची पोळी, पन्नास फिल्सला, म्हणजे तिकडच्या चिल्लरीत, पाकीटभर मिळते आणि गरम असते तोवर छान लागते. गार झाली की चामडं.

मग आला तिथल्या मराठी मंडळाचा शुक्रवार. शुक्रवारी तिकडे सुट्टी. महाराष्ट्र दिनाच्या निमित्तानं एका शाळेचा हॉल घेतला होता आणि जाहीर चर्चा ठेवली होती: विदर्भानं महाराष्ट्रातून वेगळं व्हावं का? बोलणाऱ्यांत वेगळं व्हावं म्हणणारा आमचा सुधाकर, नको म्हणणारे विलास. एकाच गाडीतून आले दोघं. वाटेत विलास म्हणाले, "भावा, माझ्याकडं बघून बोलू नकोस, मला हसू येतंय."

हॉल भरला होता. पुण्याचे इंजिनिअर पुढे, नाशिकचे, कोकणातले मधे, आमच्या तिकडचे डाव्या बाजूला घोळक्यानं. विलास चांगलं बोलले. वेगळं होऊन लहान राज्याचं ओझं कोण उचलणार, सिंचन मिळालं नाही त्याला तुमचेच पुढारी कारण, एवढ्या वर्षांचं एकत्र घर मोडू नका. मागून कुणीतरी ओरडलं, "मग आम्ही काय भाडेकरू का बे?"

सुधाकर उठला. कोळसा आमचा, वीज बाहेर, आणि लाइन जाते आमच्या गावात. कापूस आमचा, गिरण्या दुसरीकडे. टाळ्या पडत होत्या. माझीही मान हलत होती. वेगळा विदर्भ मलाही पाहिजे, लपवत नाही. मग टाळ्यांनी तो चढला.

"दूर कायले जायचं? माह्याच घरात पहा. तीन महिने झाले, माही बायको दुसऱ्याच्या हातचं अळणी वरण खाऊन रायली. मिठाचा डबा आपला, हात दुसऱ्याचा! एकत्र राहणं याले म्हणता का?"

अख्खा हॉल हसला. टाळ्याच टाळ्या. मी हसले नाही. माझं वाक्य होतं ते, जसंच्या तसं.

शोभा पिंकीचा हात धरून उठली आणि बाहेर गेली. नेमकं तेव्हाच अध्यक्ष म्हणाले, "वेगळा विदर्भ हवा त्यांनी उभं राहावं." मी उभी राहिलेच. मंदा पोट धरून उठली, शोभाच्या मागे जायला. मोजणाऱ्यानं तिलाही मोजलं. वेगळं होण्याची बाजू एका मतानं जिंकली. ते मत मंदाचं.

घरी आल्यावर सुधाकर म्हणाला, "मी फहाहीलला घर पाहतो. कारखान्याले जवळ पडते."

विलास म्हणाले, "बघ की. उद्याच जा."

सहा वर्षांचं असं दोन वाक्यांत आटपलं.

दुसऱ्या दिवशी दोघेही पुरुष कामावर गेल्यावर मंदा माझ्यासमोर बसली. पाय पुढे केले. सुजलेले. बोट दाबलं तर खड्डा राहत होता.

"ताई, माहं बीपी वाढते. पाचव्या महिन्यापासून. शोभाताई रोज मशीन लावून मोजते. मीठ तिनंच बंद केलं. माह्यासाठी सगळ्या घराचंच बंद केलं, म्हणजे यायले कळू नये."

"सुधाकरले काऊन नाही सांगितलं?"

"त्यायनं मले गावी पाठवलं असतं. मांगच्या वेळी मी गावीच होती न, पोटातलं गेलं तेव्हा. यावेळी मले इथंच रायचं होतं. मी शोभाताईले शपथ घातली. तुमचं जेवण पाहून ती रोज रागवे, पण मलेच आवरलं नाही."

मी ठेच्याचा डबा पाहिला. दहा दिवस मी या पोरीला मीठ आणि तेल चारत होते, वर फळीला कागद चिकटवत होते.

जास्त विचार मला जमत नाही. मी अळणी वरणभात केला, डब्यात भरला आणि खाली उतरले. इमारतीचा रखवालदार इजिप्तचा, म्हातारा, सगळे त्याला अबू सईद म्हणतात. भारतीय भाडेकरूंकडून शिकलेलं त्याचं हिंदी माझ्यासारखंच तुटकं. त्यानं कागदावर शोभाच्या दवाखान्याचं नाव अरबीत लिहून दिलं. कालच्या भांडणाची बातमी त्याला आधीच कळली होती.

"हज्जा, हमारा मिस्र भी सीरिया के साथ एक मुल्क हुआ था," तो म्हणाला. मोठ्या बाईला ते लोक हज्जा म्हणतात. "तीन-साडेतीन साल. एक हुआ तो बाप नाचा. अलग हुआ तो बाप रोया. खेत में काम उतनाच." मग समोरच्या दुकानातल्या शिंप्याकडे बोट केलं. "वो सीरिया का. मेरा चाय वो पिलाता."

बसला दोनशे फिल्स लागले. ड्रायव्हरला कागद दाखवला की तो बरोबर उतरवतो, बायांना पुढे बसायला जागा देतात, घाबरू नका. दवाखान्याच्या फाटकाशी सावलीत बसले. दुपारी शोभा पांढऱ्या कपड्यात बाहेर आली आणि मला बघून धावली.

"मंदाला काय झालं?"

"काही नाही झालं. पाय सुजले तिचे, माह्यामुळे. कळलं मले सगळं." मी डबा पुढे केला. "शोभा, काल तो जे बोलला ते माह्या तोंडचं होतं. त्याचं नव्हतं."

ती घाम पुसत हसली. "ठाऊक हाय की मला. सुधाभाऊंना एवढं सुचतंय होय?"

मग माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली. डबा उघडला, दोन घास खाल्ले. डोळे भरले होते पण जेवत राहिली, सकाळपासून उभी असणार.

"आक्का, वेगळं राहायला माझी ना न्हाई. लेकरू झाल्यावर त्यास्नी खोली पुरणार न्हाई, मीच त्यांच्यासाठी फहाहीलला दोन घरं बघून ठेवल्यात. जावा म्हणणार हुते मी, हातानं सामान बांधून देणार हुते. पर शंभर माणसांत माझ्या हाताला नावं ठेवून जायचं, हे न्हाई सोसलं."

मला माफी मागता येत नाही, कधी मागितली नाही. तिचा हात धरून बसले. बस येईपर्यंत.

घरी येऊन मी मंदाला म्हटलं, "आता शपथ सुटली." तिनं सुधाकरला सांगितलं. तो गॅसजवळ उभा राहून अळणी वरण वाटीभर प्यायला.

दहा दिवसांनी मंदाला कळा लागल्या. बीपी वर गेलं होतं. शोभा ड्यूटी नसताना तिच्याजवळ थांबली. मी बाहेर, सुधाकर आणि विलास एकाच बाकावर, मधे रिकामी जागा. मुलगी झाली, दोघी सुखरूप, तेव्हा मधली जागा केव्हा भरली मला दिसलं नाही.

बारसं त्याच हॉलात केलं, तीच माणसं बोलावली. हे मी ठरवलं. जिथे बोलला तिथेच परत घे, म्हटलं. पाळण्याजवळ सुधाकर उभा राहिला, कान लाल.

"विदर्भ मले वेगळाच पायजे, हे आधी सांगतो. पण ते अळणी वरण शोभाताईनं माह्या पोरीसाठी केलं होतं आणि मले माहीत नव्हतं. ते वाक्य मी परत घेतो. बाकीचं नाही."

विलास मागून म्हणाले, "बाकीचं घेतंय कोण तुझ्याकडनं!"

हॉल पुन्हा हसला. यावेळी शोभाही. नाव तिनंच ठेवलं, मीठू. कागदोपत्री वेगळं आहे, पण हाक हीच.

महिन्यानं फहाहीलला सामान गेलं. शोभानं भांडी कागदात गुंडाळून दिली, गादी बांधली, बाळाच्या औषधांची चिठ्ठी फ्रीजवर लावायला दिली. मी डबे भरत होते. 'अमरावती' लिहिलेला मसाल्याचा डबा उचलला तर तिनं हात धरला.

"ह्यो इथंच राहू दे. मला आता त्याशिवाय मटण जमत न्हाई. 'कोल्हापूर' न्या तुम्ही."

म्हणून तसंच झालं. नवीन घरात कोल्हापूर, जुन्यात अमरावती. कागद कुणीच काढले नाहीत.

मी परत आले त्याला वर्ष होत आलं. जेवताना मेसची पोरं अजून तोच वाद घालतात, वेगळा विदर्भ हवा की नको, वरण सांडेपर्यंत. मला विचारतात, मावशी, तुमचं मत? मी सांगते, हवा. मग पहिला घास घेऊन कुणी अळणी म्हणालं की आता आधी विचारते, बरं वाटते न बाप्पा तुले?

मसाला कुटताना दोन पुड्या बांधते, खसखस न घालता. एक फहाहीलची, एक खैतानची. सुधाकर सांगतो, शुक्रवारी शोभा बसनं येते, मीठूला न्हाऊ घालते आणि जाते. विलास गाडीतून आणतो म्हणाले तरी बसनंच येते, म्हणते, वाटेत झोप मिळते.