नाळेकडचा उजेड

होडीवर नाव रंगवताना वासूदादा पेंटर एक अक्षर संपवत आणि गुडघाभर चिखलातून वीस पावलं मागे जात. एक डोळा मिटून पाहत, मगच दुसरं अक्षर. "जवळनं काय, कोणपण वाचील. लांबनं वाचला पायजे," म्हणत. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या निम्म्या होड्यांवर त्यांचीच अक्षरं होती: लाल अंग, पिवळी कड, निळी सावली.

मी वेबसाइटसाठी फॉन्ट बनवते. या अक्षरांचा रंगीत फॉन्ट करायचं मी मनावर घेतलं. पडद्यावरची पट्टी सरकवली की अक्षर जाड-बारीक व्हावं, रंग बदलावेत, सावली लांबावी. होड्यांचे ढीगभर फोटो काढले. दादांचा हात तोवर थरथरू लागला होता, ब्रश सुटला होता. म्हणून ठरवलं, दादा 'हे माझंच' म्हणाले तरच फॉन्ट बाहेर काढायचा.

सहा महिन्यांनी मिरजोळ्याला त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन गेले. दादा पार भिंतीपर्यंत मागे सरकले. बराच वेळ पाहून म्हणाले, "माझा नाय."

माझं तोंडच उतरलं.

"गो बाय, होडी पुढं जाते ना? मग उजेड कायम नाळेकडनं, म्हंजे पुढच्या टोकाकडनं, आणि सावली मागं. दोन्ही अंगांना तसाच. तू निम्मी अक्षरां ह्या अंगाची घेतलीस, निम्मी त्या अंगाची."

खरंच होतं. होडीच्या डाव्या-उजव्या अंगांवर त्यांची सावली उलट बाजूंना पडे, आणि मी सगळी खिचडी केली होती. लाज वाटली, हसूही आलं. महिनाभर खपून सावलीची बाजू फिरवणारी आणखी एक पट्टी केली आणि पुन्हा गेले.

या वेळी दादा लॅपटॉपला चिकटूनच बसले. "सुमन लिव," म्हणाले. "जन्मभर लोकांच्या बायकांची नावां रंगवली." मी काकींचं नाव टाइप केलं. दादांनी थरथरतं बोट एकेका पट्टीवरून फिरवलं. सावली डावीकडून उजवीकडे गेली, अक्षर फुगलं, लालाचं केशरी झालं. बोट हलत होतं, कड मात्र जराही हलली नाही.

सुमनकाकी हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या. आधी पडद्याकडे पाहिलं, मग दादांच्या हाताकडे.

"ह्या कधी लिवलाव?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर दादांनी डोळ्यांनीच मला थोपवलं.

"आत्ताच," ते म्हणाले.