श्रीकांतची बंदूक बघायला

मिशिगनमधल्या नोव्हायहून आम्ही सकाळी साडेसातला निघालो. मागच्या सीटवर दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, थर्मास, दोन जाड जाकिटं आणि श्रीकांतची रुंद काठाची काउबॉय टोपी. टोपी चेपू नये म्हणून तिला त्याने सीटबेल्ट लावला होता.

श्रीकांत माझा धाकटा भाऊ, वय अठ्ठावन्न. तीस वर्षं इथल्या मोटारींसाठी गिअरबॉक्सचे आराखडे काढतोय. मी कराडच्या शाळेतून निवृत्त झालेली पी.टी.ची बाई. मुलींना कवायत शिकवली, एन.सी.सी.त नेमबाजी शिकवली. तीन महिन्यांसाठी भावाकडे आले होते, आणि त्यातले दोन दिवस आम्ही उत्तर मिशिगनमध्ये बंदूक विकत घ्यायला चाललो होतो. कराडला फोनवर मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

हा खेळ काय आहे ते आधी सांगते. इथे साठी-सत्तरीची माणसं सुट्टीच्या दिवशी जुन्या काळच्या गुराख्यांसारखे कपडे घालून मैदानावर जमतात आणि घड्याळ लावून पोलादी पाट्यांवर नेम धरतात. त्यासाठी दोन रिव्हॉल्व्हर, एक छऱ्याची बंदूक आणि एक लिव्हर रायफल लागते. लिव्हर रायफलीच्या चापाभोवती मुठीएवढी लोखंडी कडी असते. कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. रचना शे-दीडशे वर्षांपूर्वीची. खेळणाऱ्याने एक टोपणनावही घ्यायचं असतं. श्रीकांतने घेतलं होतं ‘कोयना’.

त्याला या खेळात ओढलं डेलने. डेल त्याच्याच कारखान्यातला निवृत्त टूलमेकर. वैजयंती, म्हणजे माझी भावजय, दीड वर्षापूर्वी कॅन्सरने गेली. त्यानंतर श्रीकांत ऑफिस आणि घर याखेरीज कुठे जाईना. डेल एका शनिवारी दारात येऊन उभा राहिला आणि त्याला घेऊनच गेला. तेव्हापासून श्रीकांत डेलच्या बंदुका चालवत होता. आता त्याला स्वतःची रायफल हवी होती, फार महाग नाही, पण चांगली.

निघण्याच्या दोन दिवस आधी त्याच्या मुलीचा, सईचा, फोन आला. ती तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला असते.

“आत्या, बाबा गन घेतायत. आय ॲम स्केअर्ड. तू बोल ना त्यांच्याशी, प्लीज. माझ्याशी ते फक्त वेदरबद्दल बोलतात.”

“कसली भीती वाटते तुला?”

“यू नो, आत्या.”

मला माहीत होतं. बेसमेंटमध्ये न उघडलेल्या पत्रांचा ढीग मी पाहिला होता. तो दोनच घास खाऊन उठतो तेही पाहत होते. पण त्या गोष्टीचं नाव आमच्या घरात कधी कुणी घेतलेलं नाही. मी सईला म्हटलं, “बोलते.” आणि बोलले नाही.

ऑक्टोबर होता. कापणी झालेल्या मक्याच्या शेतांत खुंट उरले होते. उत्तरेला जावं तसे मेपल अधिकाधिक लाल होत गेले, इतके की बघून डोळे शिणावेत. एका बागेपाशी थांबून आम्ही सफरचंदाचा गरम सायडर (ताजा, न गाळलेला रस) प्यायलो. श्रीकांत गाडी चालवताना रायफलीच्या आतल्या जोडांबद्दल बोलत होता. कुठला दांडा कुठल्या खिळीभोवती फिरतो, चाल कशी कमी करता येते, वगैरे. त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी भरलेला वाटला, म्हणून मी तेव्हाही काही विचारलं नाही. माझ्या गप्प बसण्याला तेवढं कारण पुरलं.

पहिलं दुकान हायवेला लागून, मोठ्या गोदामासारखं होतं. माझी एक अडचण होती. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने इथे बंदूक हाताळायची नसते. म्हणून मी हात मागे बांधून काउंटरपाशी उभी राहिले आणि फक्त तोंड चालवलं. दाढीवाल्या विक्रेत्याने आधी इटलीत बनलेली रायफल काढली. पितळेचं चकचकीत अंग, अष्टकोनी नळी. कडी लोण्यासारखी फिरत होती. किंमत ऐकून श्रीकांतने ती अलगद परत दिली. मग ब्राझीलची नवी आली. ती स्वस्त होती, दिसायला साधी. त्याने कडी जोरात ओढली आणि “आई गं!” म्हणून हात झटकला. कडीत तळहाताचं कातडं सापडलं होतं.

“नवीन आहे, सर. घासून-पुसून नीट करून घ्यावी लागते,” विक्रेता म्हणाला.

“डेल काय म्हणाला होता?” मी विचारलं.

“थर्टी-एटचं काडतूस चालणारी घे. धक्का कमी, गोळ्या स्वस्त. नळी वीस इंचांची. आणि पैसे रूपाला देऊ नकोस, कडीच्या चालीला दे.”

“मग इथून चल.”

दुपारी एका गावात पास्टी खाल्ली. आत बटाटा, कांदा, सलगम भरलेली, तळहाताहून मोठी, भट्टीत भाजलेली करंजी. पूर्वी इथल्या खाणकामगारांचा तो डबा असे. मी बिनमांसाची मागितली आणि वर आपली चटणी घातली. श्रीकांतने अर्धी खाल्ली. तळहातावर टिशू धरून तो खिडकीबाहेर बघत बसला होता.

दुसरं दुकान तळ्याकाठी होतं, एका घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत. मालकीण सत्तरीच्या आसपासची. पांढरी वेणी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. नाव जून. आम्ही बसायच्या आतच तिने कॉफी ओतली. श्रीकांतचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आतल्या रॅककडे गेली आणि एक जुनी अमेरिकन रायफल घेऊन आली. दस्त्यावर ओरखडे, नळीचा काळा रंग हाताच्या जागी उडालेला. तिने आत खोटी काडतुसं भरून दिली.

श्रीकांतने कडी फिरवली. तेल दिलेल्या शिवणयंत्रासारखा आवाज आला. दहाची दहा काडतुसं एकही न अडकता काउंटरवर अंथरलेल्या गादीवर पडली.

“खांद्याला लाव,” मी मागे हात बांधूनच म्हणाले. “गाल टेकव. डोळे मीट. आता उघड. माशी दिसते?” माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट.

“बरोबर मध्ये आहे, ताई.”

चाळीस वर्षांत मी शेकडो मुलींच्या खांद्याला रायफल लावून बघितली आहे. बंदूक माणसाला बसली की मान आपोआप सैल होते. त्याची मान सैल झाली. किंमत त्या इटलीच्या रायफलीच्या निम्मीही नव्हती.

जूनने फॉर्म काढला. सरकारी तपासणीसाठी तो भरावाच लागतो. मग चष्मा लावत तिने साधेपणाने विचारलं, “ठेवणार कुठे?”

“कपाट आहे,” श्रीकांत म्हणाला. “बायकोचं. आता रिकामंच असतं.”

“घरात आणखी कोण असतं?”

“ही माझी बहीण. पुढच्या महिन्यात परत जाईल. मग मी एकटाच.”

जूनचं पेन थांबलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत प्रश्न होता आणि तो माझ्यासाठी होता.

“श्री,” मी मराठीत म्हणाले, “जरा बाहेर ये.”

बाहेर तळ्याकडे तोंड करून एक बाक होता. पाण्यावर रानबदकं उतरत होती. वाक्य मनात चारदा जुळवलं. जुळवलेलं एकही तोंडून निघालं नाही, भलतंच निघालं.

“तू मरायचा विचार करतोस का रे?”

तो हसेल, रागावेल, असं वाटलं होतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला.

“फेब्रुवारीत केला होता,” तो म्हणाला. “दोन आठवडे रोज. मग डेल यायला लागला.”

“आणि आता?”

“आता नाही. ही रायफल त्यासाठी नाही, ताई, खरंच सांगतो. पण पुन्हा कधीच वाटणार नाही, असं मी तुला लिहून नाही देऊ शकत.”

मी त्याचा हात धरला. लहानपणी शाळेत नेताना धरायची तसा. तो रडला नाही. मीच रडले.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणाला सांगणार? सईला? ती तिथे एकटी राहते.”

“तिला माहीत आहे, श्री. तिनेच मला सांगितलं.”

तो बाकावरून उठला.

आम्ही आत गेलो. मी काही बोलायच्या आधी श्रीकांतच जूनला म्हणाला, “मला तुम्हाला एक सांगायला हवं.” आणि इंग्रजीत, एका वाक्यात, त्याने फेब्रुवारीचं सांगून टाकलं. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

जूनने फॉर्म उचलून परत खणात ठेवला. “मग आज मी ही तुम्हाला विकणार नाही.”

“मी काय गुन्हेगार आहे?”

“नाही. गप्प राहून तुम्ही ती घेऊन जाऊ शकला असता. तुम्ही गप्प राहिला नाहीत.” तिने रायफल कापडाने पुसली. ती आधीच स्वच्छ होती. “बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या शेजाऱ्याने याच काउंटरवरून एक घेतली. चांगला माणूस होता. त्या दिवशी मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.”

पुढचं तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. गल्ल्याजवळ मदतीच्या फोन नंबरची कार्डं ठेवलेली होती. त्यातलं एक तिने श्रीकांतच्या खिशात स्वतःच्या हाताने घातलं.

मोटेलपर्यंतचा तासभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वाट चुकून आम्ही खडीच्या रस्त्याला लागलो, गाडी वळवायला जागा सापडेना, तरी बोलला नाही. शेवटी मोटेलच्या आवारात इंजिन बंद करून म्हणाला, “तू मला मोकळं केलंस की उघडं पाडलंस, मला कळत नाहीये.”

“मलाही कळत नाही,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जवळच त्या खेळाचा सामना होता. मैदान पाइनच्या रानात, तिन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेलं. चाळीसेक माणसं जमली होती. लांब घागऱ्यातल्या आज्या, गुडघा बदललेले म्हातारे, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल आणि कानांत बोळे. “कोएना!” “हे, कोएना!” अशा हाका चारी बाजूंनी आल्या. श्रीकांतला परत जायचं होतं. मीच त्याला गाडीतून उतरवलं होतं.

डेल हाडकुळा, उंच, कमी बोलणारा. श्रीकांतने त्याला बाजूला नेऊन सांगितलं. मी लांबून बघत होते. डेलने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग दोघं माझ्याकडे चालत आले.

“मॅम,” डेल म्हणाला, “मी त्याच्या शेजारी बसून इतक्या वेळा जेवलो आणि मला विचारायचं सुचलं नाही.”

“तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत. ते आमच्यापैकी कुणाला जमलं नाही.”

डेल श्रीकांतकडे वळला. “आज तू मोजायला उभा राहा. नेम पुढच्या वेळी. तू डॉक्टरला भेटलास की आपण बोलू. आणि बंदुका माझ्या घरून येतील, माझ्याच घरी जातील. बुधवारी मी जेवायला येतोय. तिखट कमी कर.”

दर फेरीला तिघेजण चुका मोजायला उभे असतात. श्रीकांत दिवसभर तेच करत राहिला. खेळणारा तयार झाला की घड्याळ पिंक् वाजायचं, मग पोलादावर ठण्-ठण्-ठण्, आणि दहावी गोळी गेली की सगळे श्रीकांतकडे वळायचे. “कोएना, किती?” तो बोटं वर करायचा. एका आजीची एक गोळी हुकली होती, तिला ते पटेना. श्रीकांत शांतपणे म्हणाला, “चौथी पाटी वाजली नाही.” तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, “तू म्हणतोस तर नसेल वाजली.” दुपारी त्याने राजम्यासारखी चिली वाडगाभर खाल्ली आणि वाडगा घेऊन पुन्हा रांगेत उभा राहिला.

परतीच्या वाटेवर डिक्की रिकामी होती. संध्याकाळच्या उन्हात मेपलची पानं रस्त्यावर घरंगळत होती. एका पेट्रोलपंपावर थांबून श्रीकांतने सईला फोन लावला. मी खाली उतरले आणि काच वर करून घेतली. पुसायचं काही नव्हतं तरी गाडीचे आरसे पुसत राहिले. आतून त्याचे खांदे हलताना दिसत होते. पंचवीस मिनिटांनी त्याने दार उघडलं. “थँक्सगिव्हिंगला येतेय,” एवढंच म्हणाला. डॉक्टरकडची वेळ त्याने सोमवारी घेतली. पहिल्या दिवशी मी बरोबर गेले, दुसऱ्या वेळेला तो एकटा गेला.

जूनकडची ती जुनी रायफल उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या खेळाच्या क्लबने घेतली, नव्याने येणाऱ्यांसाठी. ती क्लबच्या तिजोरीत असते. श्रीकांत आता पुन्हा नेम धरतो. कधी तिने, कधी डेलच्या बंदुकीने, आणि संध्याकाळी घरी रिकाम्या हाताने जातो. त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही, असं तो म्हणतो. मला वाटतं थोडा वाटतो, आणि तेवढा चालेल.

मी कराडला परतले तेव्हा सगळ्यांनी अमेरिकेत काय पाहिलं ते विचारलं. मी मेपलचे रंग सांगितले, समुद्राएवढी तळी सांगितली, पास्टीची कृती दोघींना लिहून दिली. बाकावरचं सांगायला इतके महिने गेले. आज लिहितेय ते श्रीकांतने “लिही” म्हटल्यावर. आम्ही भावंडं एकमेकांना जेवलास का, झोपलास का, औषध घेतलंस का, एवढंच विचारत वाढलो. त्या सगळ्याच्या आड जो एक प्रश्न असतो तो विचारला तर काहीतरी अशुभ घडेल, असं मला साठी उलटेपर्यंत वाटत होतं.

आता दर रविवारी सकाळी मी त्याला तो विचारते, आडवळण न घेता. तोही आढेवेढे न घेता उत्तर देतो. बहुतेक वेळा “बरा आहे” म्हणतो, आणि मग आम्ही इकडचं तिकडचं बोलतो. गेल्या रविवारी म्हणाला, “आज बरं नाहीये, ताई.”

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि म्हटलं, “सांग.”