खवले मांजराचं जेवण

ती एका कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, तळघरातल्या पार्किंगमध्ये सापडली. गाडीच्या चाकाला टेकून, फणसाएवढा गोळा होऊन बसली होती. खवले मांजराची मादी. अंगावर जखम नाही, पण पार वाळलेली. आमच्या प्राणिसंग्रहालयात जनावरांच्या जेवणाचं स्वयंपाकघर मी बघते, त्यामुळे तिला जगवण्याचं निम्मं काम माझ्या गळ्यात पडलं. उरलेलं डॉक्टरांचं.

खवले मांजराला दात नसतात आणि नखरे फार असतात. रानात ते मुंग्या आणि वाळवी खातं. रोज तेवढ्या मुंग्या आणणार कुठून? म्हणून आम्ही गोठवलेली मुंग्यांची अंडी, उकडलेलं अंडं आणि किड्यांची पूड मिक्सरमधून काढून सरबरीत लगदा करतो. काही जनावरं तो लगेच चाटायला लागतात. काही तोंडच लावत नाहीत.

भांडं ठेवताना वजन करायचं, उचलताना पुन्हा करायचं, हा आमचा नियम. ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस सांभाळून आलेल्या एका बाईंनी तो लावून दिला. प्लॅटिपस हा बदकासारख्या चोचीचा प्राणी पाण्यात खातो, किती खाल्लं ते दिसत नाही. म्हणून त्या सोडलेली आणि उरलेली गांडुळं तोलायच्या. खवले मांजरही माणूस समोर बसलं की गोळा होतं. तेव्हा सगळा भरवसा तराजूवर.

तिचं भांडं पहिल्याच दिवसापासून हलकं होत होतं. तिची देखभाल करणारा मलाय सहकारी मला काक म्हणतो, म्हणजे ताई. मी त्याला अबांग, म्हणजे दादा म्हणते. दोघांनाही आपणच धाकटे आहोत असं वाटतं.

"काक, तुझ्या हातची चव लागली तिला," तो म्हणाला.

"घरी कोणाला लागत नाही."

मग तिलाच तराजूवर ठेवलं. वजन घटलं होतं. पुन्हा ठेवलं, तेवढंच. खाऊनही वजन घटतंय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय: जंत, आतड्याला इजा, काहीही. आमची डॉक्टर मोजकं बोलते. "उद्या सकाळी भूल देऊन बघू," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे न बघता हातमोजे काढू लागली. याआधीचं खवले मांजर भुलीतून उठलंच नव्हतं. तेव्हा टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर होती, दुसऱ्या बाजूला मी.

घाबरून बसायला वेळ नव्हता, म्हणून घाबरतच कामाला लागले. ती खाते तरी कशी, ते बघायचं ठरवलं. निशाचर जनावरांच्या त्या खोलीत दिवसरात्र उलटी केलेली असते. भर दुपारी अंधार आणि एक मंद लाल दिवा. दाराच्या फटीशी मी आणि अबांग उकिडवे बसलो. तिच्या झोपायच्या पेटीतून नखांची खरखर यायची आणि थांबायची. थांबली की मला वाटायचं, संपलं.

ती बाहेर आलीच नाही. भांड्याची कड मात्र हलताना दिसली. टॉर्चवर हात धरून बघितलं. सांडपाण्याच्या जाळीतून मुंग्यांची रांग येत होती आणि लगद्याचे कण उचलून परत जात होती.

"अय्यो," अबांग हळूच म्हणाला. "इतके दिवस आपण गटारातल्या मुंग्या पोसल्या, काक."

एरवी मी हसले असते. पण याचा अर्थ, आल्यापासून तिच्या पोटात काहीच गेलं नव्हतं.

डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, "मग तपासणी राहू दे. पण नळीने भरवावं लागेल, आणि त्यालाही भूल लागणार. सकाळपर्यंत तिने आपण होऊन खाल्लं तर टळेल. काय करता येईल ते करा."

आवाराच्या कडेच्या आंब्यावर पानं शिवून घर करणारे तांबडे मुंगळे होते. अबांगने फांदीसकट ते घर पिशवीत उतरवून आणलं. मी लगदा कोमट केला, त्यावर ते घर फाडून ठेवलं आणि भांडं पेटीच्या तोंडाशी सरकवलं. मुंगळे हातमोज्यांच्या आत शिरले आणि मनगटाला डसले. हात झटकला असता तर ती गोळा झाली असती. मी दात आवळून तशीच राहिले.

आधी नाक आलं. मग परत आत गेलं. मग जीभ आली, शेवईसारखी, आणि मुंगळे टिपून गेली. पुन्हा आली. मुंगळ्यांबरोबर लगदाही जात होता, थोडा थोडा. मधेच ती थांबली, तशी मीही हात जागच्या जागी धरला. अबांगही हलला नाही. मग तिने तोंड अख्खं भांड्यात घातलं.

"आता वजन करूया?" तो कुजबुजला.

"थांब. तिला तळ चाटू दे."

मनगट सुजून दुखत होतं. जीभ भांड्याच्या पत्र्यावर घासल्याचा आवाज आला, तरी मी आणखी थोडा वेळ बघत बसले. मग डॉक्टरला फोन लावला.