चाळीस खाकी पुस्तकं

लहान मुलांना खरी माहिती देणारी चित्रांची पुस्तकं द्या, असं मी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना वर्षभर सांगत होते. मुंग्यांचं वारूळ आतून कसं दिसतं, पूल कसा बांधतात, कापड कसं विणतात. बाईंना हव्या होत्या शेवटी मोठ्यांचं ऐकणाऱ्या सशांच्या गोष्टी. त्यांचा मला राग यायचा, अजूनही येतो. अखेर चाळीस पुस्तकं मीच निवडून आणली.

माझ्या पहिलीत एक मुलगी होती. शाळा उघडल्यापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बाईंनी तिला मंद ठरवून टाकलं आणि नाव काढून न्यायला बापाला बोलावलं. तो येणार त्याच्या आदल्या दिवशी तिच्या हाती कापडाचं पुस्तक लागलं. हातमागाच्या चित्रात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावर, त्यातल्या सुताच्या कांडीवर बोट ठेवून ती एकदम म्हणाली, "हे चुकलं. धोट्यात कांडी उलटी लावली."

छापील पुस्तकाची चूक काढणारी पोरगी मंद? मी तडक बाईंकडे गेले.

"उद्या बापासमोर तिला बोलतं करून दाखवा," त्या म्हणाल्या.

सकाळी पाहते तो काचेच्या कपाटाला कुलूप. आत चाळीसही पुस्तकं खाकी कव्हरात, वर नुसते नंबर.

"पोट्टे फाडून टाकतात नं," बाई म्हणाल्या. "आता कशी नीट दिसून राहिली!"

फाटू नये म्हणून चित्रांचं पुस्तक झाकून ठेवणारी बाई शाळा चालवते! किल्ली मी त्यांच्या टेबलावरून उचललीच. तोवर बाप मुलीला घेऊन ऑफिसात आला होता. मी पुस्तकांचा ढीग तिथेच टाकला आणि, नुसतं उघडून बघायचं सोडून, रागाने एकेक कव्हर टराटरा फाडत सुटले. बाई ओरडत होत्या. चौदावं की पंधरावं निघालं ते कापडाचं.

मुलीने पान काढलं आणि बापाला दाखवलं. "बाबा, पाह्य नं, आबाजी अशी लावत नव्हते."

मी बाईंकडे जिंकल्यासारखं पाहिलं. बाप मात्र खालीच बसला होता, मुलीचा हात धरून.

"आबाजी, माहे वडील, गेले तवापासून घरी बी बोलत नव्हती, बाई," तो म्हणाला. "त्याईच्याच मागाजवळ बसून राहे दिवसभर."

वर्षभर आम्ही दोघी पुस्तकांवरून आणि आता तिच्यावरून भांडत होतो. ती का बोलत नाही, हे त्याला एकीनेही विचारलं नव्हतं.