तक्त्याची शेवटची ओळ

“अहो, तक्ता मी केव्हाच काढून घेतलाय, तुम्ही वाचताय काय?” नेत्रशिबिरातल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, तरी घाटात माणसं भरून वडापची जीप चालवणारा आमचा दादा शेवटची ओळ खणखणीत म्हणतच राहिला. रांगेत त्याच्या आधीच्या चाळीस जणांनी तीच अक्षरं घसा ताणून वाचली होती. मांडवाबाहेर बांधलेल्या म्हशीलाही ती आरतीसारखी पाठ झाली असतील.

सारा मांडव हसला, मीही हसलो. मग बाईंनी त्याला आत नेऊन तपासलं. काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं बरंच गेलंय, मधलंही अंधुक झालंय, ते परत येणार नाही. उरलेलं औषधानं राखता येईल, म्हणाल्या.

तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. दाढ दुखली तर माणूस सात गावं जागी करतो. डोळा मात्र भलता सोशिक, कडेकडेनं विझत जातो आणि खुद्द मालकालाही चाहूल लागू देत नाही. हल्ली मी एकेक डोळा झाकून समोरच्या आंब्याची पानं मोजतो, आणि पुन्हा मोजतो.

शिबिरातून परतताना दादाला विचारलं होतं, “मग इतके दिवस घाटात गाडी कशी चालवलीस?”

तो म्हणाला, “रस्ता पाठ आहे.”