शेवंताआत्याच्या डोक्यातलं पाणी

आतेभावाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. मग अंगणात उन्हाला बसल्या बसल्याच गेली, काही तकलीफ झाली नाही, असं सांगितलं. त्याला आता महिना होईल. रडून झालं... पण आत्याला आठवायला बसलं की हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

शेवंताआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कुरुंद्याला हळदीच्या शेतात तिचा आवाज बांध ओलांडून जायचा आणि जयंतीच्या मिरवणुकीत पहिलं गाणं तिचंच असायचं. नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात असताना, हळद शिजवता शिजवता ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्त थांबलंय, आता भीती सुजेची. मेंदूत पाणी साचतंय आणि कवटीला काही फुगता येत नाही. हे पाणी शिरतं कुठून, मी विचारलं. ते म्हणाले, नीटसं कुणालाच ठाऊक नाही. सूज ओसरली, आत्या वाचली, पण शब्द गेले. मग एका दुपारी भांडी घासताना तिनं आख्खं गाणं म्हटलं, एकही शब्द न चुकता, आणि आतेभाऊ धावत जाऊन गल्लीतल्या बायांना बोलावून आला. गाण्यामागून बोलणंही आलं, चुकतमाकत. परक्यांपुढं मात्र ती तोंड उघडेना. भलताच शब्द निघाला तर लोक हसतील, म्हणायची.

मी पुढं पुण्यात त्या पाण्याच्याच मागं लागले. मेंदूतल्या काही पेशींच्या आवरणात प्रथिनांची बारीक दारं असतात, फक्त पाणी जाईल एवढी. रक्तस्रावानंतरच्या सुजेत ती काय करतात, हा माझा पीएच.डी.चा विषय. शेवटच्या तोंडी परीक्षेला आत्या एसटीनं आली, सोबत गल्लीतल्या बाया, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत. माझं इंग्रजी भाषण त्यांनी मान डोलवत ऐकलं; दारांचं तेवढं मी आत्याला आधीच मराठीत सांगून ठेवलं होतं. परीक्षकांनी सभागृहाला विचारलं, कुणाला काही प्रश्न? आणि आत्या उभी राहिली. तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली, शब्द जुळवायला वेळ घेतला... कुणी घाई केली नाही.

"माझ्या डोक्यातलं पानी या दारानं आलं का गेलं?"

"दोन्ही, आत्या," मी म्हणाले. "पेशींत शिरलं ते इथूनच. आणि सूज उतरताना गेलं तेही बरंचसं इथूनच."

"मग पाव्हनाच म्हन की. आला बी दारानं, गेला बी दारानं. राह्यला जरा जास्तीच."

परीक्षकांसकट सगळे हसले. ज्या हसण्याला ती इतकी वर्षं भ्यायली होती, त्यात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. पुढच्या जयंतीला तिनं माईक हातात घेतला, तो मिरवणूक संपेपर्यंत कुणाला दिला नाही.

परवा एका मैत्रिणीला घेऊन कुरुंद्याला गेले. बसतो न बसतो तोच आतेभावाची बायको, आमची वहिनी, चुलीपासून म्हणाली, "ताई, चप्पल टाकू का?" मैत्रीण गोंधळून दाराकडं पाहू लागली. पुन्हा बोलायला शिकताना आत्या चहाला चप्पल म्हणायची. ती सुधारली, पण घरानं तो शब्द ठेवून घेतला.

"टाका वहिनी," मी म्हटलं. "आलं घालून."