पांढऱ्या पायाची

आमच्या गावात शिव्यांना तोटा नव्हता, आणि मला त्या सगळ्याच प्रिय होत्या. शिवी द्यावी तर चौकात उभं राहून, खणखणीत. पण ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द कुणी ओरडून म्हणत नसे. तो तोंडाला पदर लावून म्हणायचा. जिच्या येण्यानं घराचं वाटोळं होतं, ती पांढऱ्या पायाची. हा शब्द आमच्या घरात शिरला तो सोहळा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. सावली गावाच्या बाजूचं आमचं खेडं धानाचं. धाकट्या काकाचं लग्न नदीपलीकडे लागलं आणि नवी काकू बैलगाडीतून उतरून दारात उभी राहिली. आता कुंकवाच्या पाण्याची परात यायची, नवरीनं त्यात पाय बुडवायचे आणि लाल पावलं उमटवत आत जायचं. परात मोठ्या आत्याच्या ताब्यात. आणि आत्या रुसलेली! मानाचं लुगडं तिला विरळ वाटलं होतं. काय तो अभिनय! कपाळाला हात, तोंड भिंतीकडे. नवरी उन्हात तिष्ठत राहिली. शेवटी कुणीतरी म्हणालं, “ये वो पोरी, कितीक वेळ उभी राह्यशीन?” ती आली, तशाच धुळीच्या पायांनी.

दुसऱ्या दिवशी गावजेवण झालं. भात ढीगभर उरला. एव्हाना आत्याचा रुसवा निघाला होता. तिनं टोपलंभर भात गोठ्यात नेऊन गाडीच्या एका बैलापुढे ओतला. “खाय राजा! नवरीले तूच आणलंस.” एवढा शिजलेला भात बैलाला सोसत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लग्नघरात आत्याला अडवणार कोण? सकाळी बैल नगाऱ्यासारखा फुगून मरून पडला होता.

आत्या अंगणात आली, पदर तोंडाला लावला आणि तो शब्द उच्चारला.

शेजारचे एक म्हातारबुवा पान चघळत होते. त्यांनी लगेच शब्दाचं मूळ सांगायला घेतलं. “लक्ष्मी येते ते लाल पायानं. जिचे पाय कोरे, तिच्यासंगं लक्ष्मी नाई. म्हून पांढऱ्या पायाची.” खरंखोटं तेच जाणोत, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि सगळ्यांनी काकूच्या पायांकडे पाहिलं.

काकू पहिल्यांदाच बोलली. “पाय लाल कराचं तुमच्या हाती होतं, बाई. अन् बैलानं काल काय खाल्लं, तेही सांगा ना.”

झालं! मेलेला बैल परवडला, पण बोलणारी सून? दुपारच्या आत ठरलं, हिला माहेरी नेऊन सोडायचं. गाडी जुंपायची, तर घरात बैल एकच उरलेला. काका शेजाऱ्याकडे बैल मागायला गेला. शेजारी म्हणाला, “भाऊ, तुया एक गेला. आता माया बी मारतं का?” पुढच्या घरी हेच, त्याच्या पुढच्या घरीही हेच. हिला ओढायला गावात कुणी बैल देईना. मी मनात टाळ्या पिटल्या. ज्या शब्दानं तिला बाहेर काढलं, तोच आता तिला घरात ठेवणार होता!

काकूनं आपलं गाठोडं उचललं. “राहू द्या,” ती म्हणाली. “मले पाय आहेत.”

काका ओट्यावर बसून मेलेल्या बैलाचं दावं उलगडत राहिला, पुन्हा गुंडाळत राहिला. त्यानं मान वर केली नाही. ती नदीच्या वाटेनं गेली ती गेलीच.

पुढच्या साली काकाचं दुसरं लग्न झालं. परात नवरीच्या आधी दारात हजर होती. गावजेवण आटोपलं आणि आत्यानं स्वतः उभं राहून परसात खड्डा खणवून घेतला. उरलेला सगळा भात त्यात पुरला. गोठ्याकडे एक शीतही जाऊ दिलं नाही.